कामावर असताना, कामामुळे

"हे कुत्र्यामुळे नाही, इंजेक्शनांमुळे झालंय," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या तळपायावरून किल्लीचं टोक पुन्हा एकदा ओढलं. मला किल्ली दिसत होती, पण लागत नव्हती.

सरकारी इस्पितळातले ते वयस्कर डॉक्टर बोलायला कमी होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, न्यूरोपॅरालिटिक रिॲक्शन. माझा चेहरा बघून मग मराठीत समजावलं. कुत्रा चावल्यावर पोटात जी लस टोचतात ती मेंढीच्या मेंदूपासून बनवतात. बहुतेकांना ती सोसते. एखाद्याचं शरीर मात्र तिच्याशी भांडायला उठतं आणि त्या भांडणात स्वतःच्याच मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, इजा करून घेतं. माझं कमरेखालचं अंग त्या भांडणात सापडलं होतं.

"पाय परत येतील?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचे येतात. वेळ लागतो."

"आणि राहिलेल्या सुया?"

"बंद. आणखी एकही नाही."

"मग कुत्र्याचं विष?"

त्यांनी माझा केसपेपर उलटून बघितला. चौदांपैकी बऱ्याच सुया घेऊन झाल्या होत्या. "झाल्या तेवढ्यांवर भागेल असं मला वाटतं," ते म्हणाले. "कुत्रा जिवंत असता तर हा प्रश्नच नव्हता."

कुत्रा जिवंत नव्हता. लस घ्यावी तर पाय जाणार, न घ्यावी तर कदाचित जीव जाणार, आणि दोन्हींच्या मध्ये मी, लोखंडी खाटेवर, लघवीची नळी लावून. उंदीर पिंजऱ्यात सापडतो तेव्हा निदान त्याला खोबरं तरी दिसलेलं असतं. मला तेही दिसलं नव्हतं.

हे मी लिहिते आहे ते कारखान्यात, गोदामात, कुणाच्याही दारात पोटासाठी उभं राहणाऱ्यांसाठी. कुत्रा चावला तर काय करावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काय करू नये हे तर मुळीच नाही.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. आम्ही सातपूरला राहायचो. माझे यजमान मनमाडला रेल्वे यार्डात होते, आठवड्याच्या सुटीला पॅसेंजरने यायचे. घरी मी आणि सासूबाई. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात वाइंडिंगला होते. पंपाच्या मोटारीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती कॉइल आम्ही बायका गुंडाळायचो. हात हलके लागतात म्हणून हे काम बायकांना. आणि बायका कमी पैशांत मिळतात म्हणूनही, पण ते कुणी बोलायचं नाही.

तांबं म्हणजे चोरांचा जीव की प्राण. म्हणून शेठने तारेच्या स्टोअरच्या दारात कुत्रा बांधलेला. नाव टायगर. अल्सेशियन म्हणून आणला होता, पण मोठा झाला तरी त्याचे कान काही उभे राहिले नाहीत. भुंकणं मात्र अस्सल विलायती. साखळी अशी लांब की स्टोअरचं अर्धं दार त्याच्या ताब्यात राहायचं.

आता आमची कामाची रीत सांगते, कारण पुढे कोर्टात सगळं तिच्यावर आलं. रोज सकाळी प्रत्येक वाइंडरने आपलं तारेचं रीळ स्टोअरमधून स्वतः आणायचं. म्हणजे टायगरच्या अंगावरून जायचं. त्याला उपाय बायकांनीच काढला होता. प्रत्येकीच्या डब्यात भाकरीचा एक तुकडा जास्तीचा असायचा. तो आधी लांब फेकायचा, टायगर तिकडे वळला की पटकन आत शिरायचं. बाहेर येताना दुसरीने फेकायचा. नवी बाई कामाला लागली की तिला मशीन शिकवायच्या आधी हे शिकवायचो. त्याला आम्ही जकात म्हणायचो.

त्या दिवशी माझ्या डब्यात पोहे होते. पोहे फेकता येत नाहीत.

शेजारच्या लीलाबाईचा तुकडा फेकून मी आत गेले. बाहेर येताना तिचं लक्ष दुसरीकडे होतं. दोन्ही हातांत जड रीळ. टायगरने भुंकण्याचीही तसदी घेतली नाही. सरळ पोटरी धरली.

मला बाकावर बसवलं. कुणी म्हणालं तिखट भरा, कुणी म्हणालं चुना लावा. चुना लावला. नंतर इस्पितळात बाह्यरुग्ण विभागात याच डॉक्टरांनी तो चुना बघितला आणि कपाळाला हात लावला. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची, चांगली बराच वेळ, बाकी काहीही लावायचं नाही. हे आज मी कुणालाही भर रस्त्यात थांबवून सांगेन.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठे चावला?" मी पोटरी दाखवली. "तसं नाही, कुठल्या जागी?" मी सांगितलं, कारखान्यात, रीळ आणताना, शेठचा कुत्रा. त्यांनी केसपेपरवर तसंच लिहिलं. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्याच डॉक्टरला हे नीट सांगा. नंतर सांगितलेलं सगळं लोकांना शिकवल्यासारखं वाटतं.

मग ते म्हणाले, "उद्यापासून रोज पोटात सुई. पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. बांधून ठेवा, खायला घाला. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर पिसाळलेला नव्हता असं समजायचं. मग सुया मध्येच थांबवता येतात."

मी घरी आले. पाय सुजलेला, त्यामुळे कारखान्यात निरोप कुणाकडून पाठवणार? उद्या आपणच जाऊन सांगू असं ठरवलं. टायगर कुठे पळून जाणार होता, साखळीला तर होता.

दुसऱ्या दिवशी सुई टोचून घेऊन लंगडत कारखान्यात गेले. स्टोअरच्या दारात नुसती साखळी पडली होती. वार्निश लावलेल्या कॉइल भाजायच्या भट्टीवर काम करणारा काशिनाथ पुढे आला. दिंडोरीकडचा, धिप्पाड, तोंडाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. त्या दिवशी मात्र खूश होता.

"बाई, आता भिऊ नका," तो म्हणाला. "कालच उरकला मी त्याला. चावलेलं कुत्रं जितं राह्यलं तर इख चढत जातं. मेलं की उतरतं. आमच्याकडं असंच हाय."

"कुठे आहे तो?"

"जाळला. रॉकेल वतून, नीट. इख पसरायला नको."

नंतर डॉक्टरांनी विचारलं की निदान कुत्र्याचं डोकं तरी आणता येईल का, मेंदू तपासता आला असता. मी सांगितलं, राख आहे. त्यांनी पुढच्या सुईची तारीख लिहिली. आता मध्येच थांबायची वाट बंद झाली होती. चौदाच्या चौदा घ्यायच्या.

त्या सुयांचं वर्णन करत नाही. ज्यांनी घेतल्यात त्यांना माहीत आहे, ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांनी सुखात राहावं. आता नव्या लसी आल्यात, दंडात देतात, पुष्कळ सुरक्षित आहेत. भिऊन लस टाळू नका, ते विष सुटत नाही. माझ्या वेळी मात्र एवढंच होतं. पोटावर जागा उरेना तेव्हा सासूबाई रात्री मिठाच्या पाण्याने शेकायच्या आणि टायगरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

शेवटाकडे आल्यावर ताप चढला. पाठ दुखू लागली. एका सकाळी लघवी होईना, आणि दुपारी उठायला गेले तर पाय जमिनीवर होते, पण माझे नव्हते. टांग्यातून इस्पितळात नेलं. पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं, त्याला लंबर पंक्चर म्हणतात, ते तपासलं. मग तळपायावर किल्ली ओढली. तिथून मी सुरुवात केली.

वॉर्डात पडून राहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाय नाहीत म्हणजे नुसतं चालणं नाही असं नव्हे. कूस बदलायची तर हाक मारायची. पायावर माशी बसली तर ती उडेपर्यंत बघत राहायचं. प्रेडनिसोलोन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरवणारं स्टेरॉइड, त्याने भूक वाढते आणि चेहरा फुगतो. माझा चेहरा असा गोल झाला की सासूबाई म्हणाल्या, "माहेरी गेली असतीस तरी इतकी सुधारली नसतीस." आम्ही दोघी हसलो. त्या बाहेर जाऊन रडल्या हे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं.

सगळ्यांत वाईट होता सकाळचा तांब्या. पिसाळण्याच्या रोगात पाण्याची भीती वाटते, घशातून घोट उतरत नाही, हे मी ऐकून होते. रोज डोळा उघडला की मी तांब्याकडे बघायचे. आज उतरेल का? पहिला घोट घ्यायला मला केवढा वेळ लागायचा. उतरला की तेवढा दिवस माझा. डॉक्टरांना विचारलं, "ही भीती किती दिवस?" ते म्हणाले, "महिने. पण मी तुमच्या जागी असतो तर पाणी पीत राहिलो असतो." त्यांच्याकडून एवढंच मिळायचं, पण ते पुरायचं.

आणि काशिनाथचा राग. तो राग माझ्या पोटात सुयांपेक्षा खोल होता. टायगरचा राग नव्हता, तो कुत्रा होता, त्याने कुत्र्याचं काम केलं. पण या माणसाने न विचारता, माझ्या भल्यासाठी, माझा एकुलता एक साक्षीदार जाळून टाकला. तो मला बघायला एकदाही आला नाही. आला असता तर मी काय बोलले असते ते लिहिण्यासारखं नाही.

शेठ मात्र आले. मोसंबी घेऊन आले. स्टुलावर बसले, माझ्या यजमानांशी बोलले, माझ्याशी नाही. "फार वाईट झालं. पण हे सुयांमुळे झालं, आम्ही काय करणार? आणि कुत्रा तर रस्त्यावरचा. वसाहतीत किती फिरतात."

"टायगर?" मी म्हणाले.

"टायगर वेगळा. तो मी केव्हाच गावाकडच्या मळ्यावर पाठवला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुमनबाई, गेटबाहेर चावला एवढं सांगा. बऱ्या झालात की बसून करायचं काम देतो. नाही झालात तरी वाऱ्यावर सोडणार नाही. कोर्टकचेऱ्यांत काय आहे?"

ते गेल्यावर यजमान बराच वेळ मोसंबी सोलत बसले. शेवटी म्हणाले, "सुमन, हो म्हण. तो चांगला बोलतोय तोवर हो म्हण. माझ्या एकट्याच्या पगारात औषधं, आई, घर कसं होणार? साक्ष द्यायला कोण येणार आहे? ज्याला त्याला आपली चूल आहे."

त्यांचं चूक नव्हतं. पण गेटबाहेर म्हटलं की मी कामावर नव्हते. कामावर नव्हते म्हणजे हे पाय माझे मीच घालवले. आयुष्यभर अंथरुणात पडायची वेळ आली तर शेठची मेहेरबानी हाच माझा कायदा. मी म्हणाले, मला एकदा वकिलाला विचारू द्या.

आमच्या वस्तीत पगारे वकील होते, कामगारांच्या केसेस चालवायचे. यजमानांनी त्यांना वॉर्डातच आणलं. त्यांनी मोसंबं घेतलं नाही, आधी केसपेपर बघितला आणि वर मान करून म्हणाले, "ताई, हे पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलंत? फार बरं केलंत."

मग त्यांनी मला वाटा दाखवल्या. पोलिसांत जाता येतं. जनावर बेफिकिरीने बाळगून कुणाला इजा झाली तर गुन्हा होतो, पण शिक्षा किरकोळ, आणि त्यातून तुमच्या औषधाची बाटलीही येणार नाही. दिवाणी दावा लावता येतो, पण त्यात कुत्रा अंगावर येणारा आहे हे शेठला ठाऊक होतं असं सिद्ध करा, कोर्ट फी भरा, आणि निकाल तुमच्या नातवाने ऐकावा. मोठा कारखाना असता तर ईएसआय असतं, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्यातून पगार आणि उपचार मिळाले असते. पण शेठ कागदावर माणसं इतकी कमी दाखवायचे की आम्ही अर्ध्याजणी सरकारच्या लेखी जन्मालाच आलो नव्हतो.

"आपल्यासाठी राहतो तो कामगार नुकसानभरपाईचा कायदा," ते म्हणाले. "त्यात शेठची चूक दाखवावी लागत नाही. फक्त इजा कामावर असताना झाली आणि कामामुळे झाली, हे दाखवायचं. दोन्ही हवं. नुसतं कामावर असताना चालत नाही. काम करताना कुणाला घरचं दुखणं उपटलं तर ते कामामुळे नसतं."

"रीळ आणणं माझं काम होतं. कुत्रा रिळाच्या दारात होता."

"बरोबर. म्हणून तो दारात होता हे कुणीतरी सांगायला हवं."

"आणि पाय? शेठ म्हणतात ते सुयांनी गेले."

"सुया काय तुम्ही हौसेने घेतल्यात? चावल्यामुळे घ्याव्या लागल्या. मुळाला पाणी घातलं की फांदीचा हिशेब वेगळा नसतो. डॉक्टरांकडून तेवढं लिहून घेऊ." मग त्यांनी केसपेपर खाली ठेवला. "अडचण दुसरीकडे आहे. कुत्रा स्टोअरचा होता हे तुमच्या सगळ्याजणींना माहीत आहे. पण त्या येणार नाहीत, त्यांची नोकरी आहे. तो रोज सोडायचं-बांधायचं काम कुणाचं होतं?"

माझ्या तोंडात ते नाव येईना. "काशिनाथचं," मी म्हणाले.

वकिलांनी त्याची गाठ घेतली. परत आले ते तोंड पाडून. शेठने काशिनाथला बोलावून सांगितलं होतं, तोंड उघडलंस तर माझा किमती कुत्रा मारला म्हणून पोलिसांत देईन. दुसऱ्याचं मोलाचं जनावर मारणं हाही गुन्हाच आहे. म्हणजे मला सोडवायचं तर त्याने स्वतः अडकायचं. मी खाटेवर बांधलेली, आणि तो माझ्यासाठी केलेल्या कामाने बांधलेला. मला हसू आलं, खरंच आलं. एवढ्या भल्यामोठ्या धटिंगणाला त्या मेलेल्या कुत्र्याने अजून धरून ठेवलं होतं.

"पण ताई, शेठ एक विसरले," पगारे म्हणाले. "आम्हाला सांगतात कुत्रा माझा नव्हता, काशिनाथला सांगतात माझा कुत्रा मारलास. दोन दारं आहेत, कडी एकच आहे. एका दाराला लावली की दुसरं उघडतं. फक्त हे काशिनाथच्या गळी उतरायला हवं, आणि उतरलं तरी त्याची नोकरी मी वाचवू शकत नाही. ते मी त्याला खोटं सांगणार नाही."

मालकाला लेखी नोटीस गेली. ती लवकर द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. मोसंबी बंद झाली.

पुढे दिवस नुसते गेले. मग एका सकाळी नर्स पायाला तेल लावत होती आणि म्हणाली, "अगं, अंगठा हलवलास?" मी म्हणाले नाही. "हलव परत." मी डोळे मिटून सगळा जीव त्या अंगठ्यात नेला. तो हलला, एवढासा, झोपेतल्या बाळाने बोट हलवावं तसा. डॉक्टर आले, बघितलं, "आता कष्ट तुमचे," म्हणाले. त्या दिवशी तांब्याकडे न बघता मी पाणी प्यायले हे मला दुपारी लक्षात आलं.

मग फिजिओथेरपी, म्हणजे गेलेल्या स्नायूंना शाळेत घालणं. आधी बसायचं, मग खाटेला धरून उभं राहायचं, मग दोन बायकांच्या खांद्यांवर. नळी निघाली तेव्हा मी लग्नातसुद्धा रडले नव्हते इतकी रडले. घरी आले ती काठी घेऊन. उजवा पाय अजूनही अर्धाच माझा आहे, डावा पूर्ण. वाइंडिंगचं मशीन पायाने चालतं, उजव्या.

प्रकरण लेबर कोर्टात उभं राहायला वर्ष लोटलं. तारखा पडत. मी काठी टेकत जायचे, सासूबाई पाण्याची बाटली घेऊन मागे. शेवटी साक्षी आल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाचलं गेलं. मग मी शपथेवर जे घडलं ते सांगितलं. शेठच्या वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही त्या कुत्र्याला रोज भाकरी घालत होतात, हे खरं का?"

"हो."

"म्हणजे तुम्ही त्याच्याशी खेळत होतात. त्याला लळा लावत होतात. कंपनीने सांगितलं होतं का भाकरी घाला?"

"साहेब," मी म्हणाले, "रोज पुलावर जकात भरणारा माणूस काय पुलाशी खेळत असतो? भाकरी नाही घातली तर रीळ मिळत नव्हतं. रीळ नाही तर काम नाही. ज्या दिवशी नाही घातली त्या दिवशी हे झालं."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. पण शेठचे वकील घाबरले नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की कंपनीकडे कुत्रा नव्हताच, बाई रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल बोलत आहेत, आणि याला एकही साक्षीदार नाही. हे खरंच होतं. लीलाबाई आली नव्हती. कुणीच आलं नव्हतं. यजमान माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, संपलं, आपण परत त्या खाटेवर जाऊन पडलो.

पगारे उठून म्हणाले, "माझा एक साक्षीदार आहे."

काशिनाथ व्हरांड्यातून आत आला. धुतलेली टोपी हातात चुरगाळत. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

"कुत्र्याचं नाव काय होतं?" पगाऱ्यांनी विचारलं.

"टायगर. शेठचा. तारेच्या खोलीच्या दारात ऱ्हायचा. सकाळी बांधायचं, सांजंला सोडायचं, ते माझं काम."

शेठचे वकील उठले. त्यांना वाटलं असावं की एवढ्यावर हा माणूस मोडेल. "मग तो कुत्रा आता कुठे आहे?"

काशिनाथने हातातल्या टोपीला पीळ घातला. मागे बाकावर शेठ खाकरले. मी काठी घट्ट धरली. तो बोलणार नाही असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. त्याच्या घरी लेकरं होती.

"मी मारला," तो म्हणाला. "लोखंडी नळीनं. मारला आन् जाळला."

"दुसऱ्याचं जनावर मारलंस, हा गुन्हा आहे हे माहीत आहे?"

"शेठनं सांगितलं मला. म्हणलं, माझा कुत्रा मारलास, आत टाकीन."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि शेठकडे बघितलं. शेठच्या वकिलांनीही बघितलं. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "पण मारलास कशाला?"

"बाई जगावी म्हून," काशिनाथ म्हणाला. "मला काय ठावं त्याला जितं ठेवायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, साहेब."

निकाल पुढच्या तारखेला लागला. इजा कामावर असताना झाली, कामामुळे झाली, आणि सुयांनी झालेलं त्यातूनच झालं, असं त्यात होतं. भरपाई मिळाली. फार नव्हे, पण ती माझी होती, मोसंब्यांसारखी नव्हती. मी घरी मशीन घेतलं, हाताने चालणारं, आणि दुरुस्तीची कॉइल गुंडाळू लागले. शेठने पोलिसांत तक्रार केली नाही, करून स्वतःच्याच जबानीत सापडले असते. काशिनाथला मात्र साक्ष दिली त्याच आठवड्यात कामावरून काढलं होतं. तो गावी परत गेला होता.

निकालाच्या दिवशी तो आला होता. कोर्टाबाहेर झाडाखाली उभा होता, मी काठी टेकत येईपर्यंत तसाच. आजारपणापासून आम्ही समोरासमोर बोललो नव्हतो. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"चालता येतं का बाई?"

"येतं की. बघतोयस ना."

"डाक्टर काय म्हणलं," त्याने विचारलं, "ते पिसाळलेलं होतं का नव्हतं?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पाठ होतं. अंगावर जाणारा, पण खातापिता, ओळखीच्या माणसाने बांधला की बांधून घेणारा कुत्रा, बहुतेक धडधाकट असावा. दहा दिवस राहिला असता तर मी आज धावत बस पकडली असती. आणि हा माणूस वर्षभर हेच एक ओझं घेऊन फिरत होता, नोकरी गेली तरी ते गेलं नव्हतं.

"होता रे," मी म्हणाले. "पिसाळलेलाच होता. तू होतास म्हणून आणखी कुणाला चावला नाही."

त्याने टोपी डोक्यावर घातली. "मग बरं झालं," म्हणाला, आणि दिंडोरीच्या गाडीकडे गेला.

तुमच्याकडे कुणाला कुत्रा चावला तर मारू नका, बांधून ठेवा, खायला घाला. हे मी सगळ्यांना सांगते. काशिनाथला मात्र कधी सांगितलं नाही. कोर्टात मी शपथेवर एक शब्द खोटा बोलले नव्हते. बाहेर आल्यावर बोलले असेन, आणि परत विचारलं तर परत बोलेन.